संयुग्मी जोड्या : अकरावीच्या वर्गासाठी केलेल्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली, वर्ग पुन्हा भरले. समतोलाचं प्रकरण या सत्रात आहे. त्यातला आम्ल-आम्लारींचा भाग यंदा हाताळून शिकवायचा, असं ठरवून ही वही उघडली आहे. करायचं आहे ते असं: कार्डांचा एक संच, भिंतीवर लावायचा एक तक्ता, स्वयंपाकघरातल्या आणि बाजारातल्या वस्तूंवर चालणारे काही प्रयोग आणि मराठीत एक लहानशी पुस्तिका. फोंडा तालुक्यातली आमची बरीच मुलं प्राथमिक शाळा मराठीतून शिकून येतात आणि पाचवीपासून इंग्रजी पुस्तकं वाचतात. घरी अभ्यास करताना मात्र डोकं मराठीत-कोकणीतच चालतं. पुस्तिका त्या वेळेसाठी.

मुलांना आधी काय येतं ते पाहायला आज एक कागद दिला. त्यावर बऱ्याच जोड्या लिहिलेल्या, आणि प्रश्न एकच: यातल्या संयुग्मी जोड्या कोणत्या? चुका तीन ठिकाणी साठल्या. सल्फ्युरिक आम्ल आणि सल्फेट ही जोडी बहुतेकांनी बरोबर मानली. हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड हीसुद्धा. आणि निम्म्याहून अधिक जणांनी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांना जोडी ठरवलं.

तिसरी चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुलांच्या मनात ‘जोडी’ म्हणजे समोरासमोर येऊन एकमेकांवर क्रिया करणारे दोघे. संयुग्मी जोडी तशी नाही. तिथे एकच कण आहे: प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) असताना एक, प्रोटॉन गेल्यावर दुसरा. क्रिया करणारे दोघे नेहमी दोन वेगवेगळ्या जोड्यांतले असतात. हे एकदा बसलं की बाकीच्या दोन चुकाही सुटतात. सल्फ्युरिक आणि सल्फेट यांच्यात दोन प्रोटॉनांचं अंतर आहे, हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड यांच्यातही दोनाचंच. मधला बायसल्फेट आणि मधलं पाणी मुलांच्या नजरेतून सुटलं होतं.

२० नोव्हेंबर

व्याख्येला आज एक तास दिला. अऱ्हेनियसची व्याख्या मुलांना दहावीपासून पाठ आहे: पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड देतो तो आम्लारी. त्याचा प्रबंध १८८४ चा, नोबेल १९०३ चं. व्याख्या चांगलीच आहे, पण अमोनियापाशी अडखळते. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाहीच, तरी त्याचं द्रावण लाल लिटमस निळा करतं.

धुराड्याच्या कपाटात एका काचकांडीला संहत अमोनिया, दुसरीला संहत हायड्रोक्लोरिक आम्ल लावून दोन्ही जवळ आणल्या. पांढरा धूर उठला. मुलांना विचारलं, इथे हायड्रॉक्साइड कुठे आहे? क्रिया तर हवेतच झाली. हायड्रोजन क्लोराइडनं प्रोटॉन दिला, अमोनियानं घेतला, अमोनियम क्लोराइडचे बारीक कण तयार झाले. एवढं पाहून झाल्यावर मग १९२३ सालाकडे वळलो. कोपनहेगनमध्ये ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजमध्ये लाउरी, दोघांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारं आणि आम्लारी म्हणजे प्रोटॉन घेणारा असं मांडलं. त्याच वर्षी लुईसनं इलेक्ट्रॉनांच्या जोडीवरून आणखी वेगळी व्याख्या दिली, पण ती सध्या बाजूला ठेवली आहे.

या व्याख्येत मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, घेणारा नसेल तर देणाराही नाही. ‘अमुक पदार्थ आम्ल आहे’ हे वाक्य त्यामुळे अर्धं राहतं. कोणासमोर, हे विचारावंच लागतं. पाण्यात विरघळलेल्या अमोनियासमोर पाणी आम्ल आहे. हायड्रोजन क्लोराइडसमोर तेच पाणी आम्लारी. वर्गात याच प्रश्नावर जोर द्यायचा: कोणी दिलं, कोणी घेतलं?

२२ नोव्हेंबर

कार्डं तयार झाली. जाड पुठ्ठ्याचे तुकडे, प्रत्येकावर एका कणाचं नाव आणि मुख्य अणूची आकृती, आणि जिथे प्रोटॉन बसतो तिथे एक भोक. प्रोटॉन म्हणून शर्टाची लाल बटणं. बटण भोकात बसलं की आम्ल, काढलं की संयुग्मी आम्लारी. कार्डाच्या कोपऱ्यात प्रभार लिहायला कोरी जागा ठेवली आणि ती पेन्सिलीनं मुलांनीच भरायची.

या कोऱ्या जागेनं आजचा तास खाल्ला, आणि तो खायलाच हवा होता. प्रोटॉन गेला की प्रभार एकानं उतरतो, आला की एकानं चढतो. तोंडानं सगळे सांगतात. हातात डायहायड्रोजन फॉस्फेटचं कार्ड आलं, प्रभार उणे एक, त्यातून बटण काढलं की शून्य असं काहींनी लिहिलं. ‘उणे म्हणजे कमी आहे, आणखी काढलं तर संपणारच’ असा त्यांचा हिशेब. मग बटणावर मोठ्या अक्षरांत ‘अधिक एक’ लिहिलं. अधिक एक बाहेर गेलं तर मागे काय उरेल? उणे दोन. आता बटण हातात असल्यामुळे हिशेब दिसू लागला. फॉस्फोरिक आम्लाची सबंध साखळी, तीन बटणांपासून एकही बटण नसलेल्या फॉस्फेटपर्यंत, शेवटच्या बाकावरच्या मुलांनीही न अडखळता लावली.

कार्डांना एक नियम: बटण टेबलावर ठेवायचं नाही. एका कार्डातून काढलं की लगेच दुसऱ्यात बसवायचं. पाण्यात मोकळा प्रोटॉन भटकत नसतो.

२६ नोव्हेंबर

आज नवसागर. कल्हई लावणाऱ्याकडे मिळतो तो पांढरा खडा म्हणजे अमोनियम क्लोराइडच. तापलेल्या भांड्यावर तो टाकला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि अमोनिया सुटतात, धातूवरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि कथील नीट पसरतं. मुलांना कल्हईचा तो धूर ठाऊक होता. परवाच्या काचकांड्यांमधला धूरही याच पदार्थाचा, हे कळल्यावर वर्गात चांगली कुजबुज झाली.

नवसागराला स्वतःचा वास नाही. परीक्षानळीत त्याची पूड घेतली, पानाच्या गाड्यावरचा भिजवलेला चुना त्यात कालवला, नळी हलकी कोमट केली. नळीच्या तोंडाशी ओला हळदीचा कागद धरला. काही क्षणांत कागद तांबडा झाला आणि नाकाला अमोनियाची झणझण जाणवली. अमोनियमनं चुन्यातल्या हायड्रॉक्साइडला प्रोटॉन दिला: अमोनियमचा झाला अमोनिया, हायड्रॉक्साइडचं झालं पाणी. एका क्रियेत दोन जोड्या. कॅल्शियम आणि क्लोराइड यांचा या देण्याघेण्याशी संबंध नाही, म्हणून समीकरणातून ते दोघे खोडून टाकायला लावले. खोडल्यावर जे उरतं तेच मुलांना कार्डांनी करून दाखवायचं होतं.

नंतर जे झालं ते मला अधिक आवडलं. तांबडा कागद बाकावर ठेवलेला, थोड्या वेळानं पुन्हा पिवळा. एका मुलीनं विचारलं, “टीचर, रंग उडाला की परत आला?” हा प्रश्न फळ्यावर लिहिला. हळदीतला कुरकुमिन स्वतःच एक सौम्य आम्ल आहे. प्रोटॉन असतो तेव्हा पिवळा, प्रोटॉन गेला की तांबूस. म्हणजे दर्शक हीसुद्धा एक संयुग्मी जोडी, आणि तिचे दोन सभासद दोन रंगांचे. ओल्या कागदातला अमोनिया हवेत उडून गेला, घेतलेला प्रोटॉन मागे राहिला, कुरकुमिनला तो परत मिळाला. कागद पुन्हा नळीशी नेला, पुन्हा तांबडा. समतोल दोन्ही दिशांनी चालतो हे बाणाच्या चिन्हावरून सांगून जे कळत नाही ते या कागदानं दाखवलं.

हळद आणि चुन्याचं कुंकू करतात ते हेच, असं एकानं मागून सांगितलं. अगदी खरं. लिंबू पिळलं की ते पिवळं का होतं, याचं उत्तर त्याच मुलाकडून काढून घेतलं.

२९ नोव्हेंबर

चाचणी परीक्षेची तयारी, तास मिळाला नाही. तक्त्यासाठी पीकेएच्या किमती (आम्ल किती जोरकस ते सांगणारा आकडा, जितका लहान तितकं आम्ल तीव्र) एकत्र केल्या आणि पुस्तकाशी ताडून पाहिल्या. सगळ्या २५ अंश सेल्सिअसच्या. आमच्या प्रयोगशाळेत आता दुपारी पारा तिशीच्या वर असतो. ३० अंशांना पाण्याचा आयनिक गुणाकार (हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड यांच्या संहतींचा) थोडा वाढतो आणि उदासीन पाण्याचा पीएच ७ ऐवजी ६.९ च्या जवळ येतो. तक्त्याच्या खाली तापमान लिहायचंच.

४ डिसेंबर

काल सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी होती. आज प्रकल्पातला सर्वांत अवघड तास.

मार्गदर्शकांमधून आणि शिकवण्यांमधून मुलं एक वाक्य घेऊन येतात: ‘तीव्र आम्लाचा संयुग्मी आम्लारी सौम्य, सौम्य आम्लाचा संयुग्मी आम्लारी तीव्र.’ ऐकायला तोलदार वाटतं, म्हणून पटकन पाठ होतं. पण त्याचा दुसरा अर्धा भाग खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे मुलांना स्वतःच्या हातांनी मोजून कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हे वाक्य डोक्यात असलं की पुढे क्षारांच्या द्रावणांचा पीएच, बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण), अनुमापनाचा आलेख, सगळं वाकडं जातं.

आधी गणित. कोणत्याही संयुग्मी जोडीत आम्लाचा पीकेए आणि आम्लारीचा पीकेबी यांची बेरीज, २५ अंशांना, १४. ॲसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६, म्हणून ॲसिटेटचा पीकेबी ९.२४. अमोनियाचा पीकेबी ४.७५. आकडा जितका लहान तितका आम्लारी जोरकस. म्हणजे ज्याला आपण सौम्य आम्लारी म्हणतो त्या अमोनियापेक्षाही ॲसिटेट हजारो पटींनी दुबळा. ॲसिटिक आम्ल सौम्य, ॲसिटेटही सौम्य. दोघेही. तसंच अमोनिया सौम्य, आणि त्याचं संयुग्मी आम्ल अमोनियम, पीकेए ९.२५, तेही सौम्यच.

मग प्रयोग. मीठ, सोडियम ॲसिटेट, खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट), धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) आणि नवसागर यांची ०.१ मोलर द्रावणं. आधी प्रत्येकाचा अंदाज वहीत, मग पीएच मीटर. गणितानं अपेक्षित आकडे असे: ॲसिटेट सुमारे ८.९, खाण्याचा सोडा ८.३, धुण्याचा सोडा ११.६ च्या आसपास, नवसागर ५.१, मीठ ७. ‘तीव्र आम्लारी’ म्हणून ॲसिटेटचा अंदाज मुलांनी १२-१३ असा लिहिला होता. मीटर नऊच्याही खाली थांबला. फेनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले तेव्हा धुण्याच्या सोड्यात गडद गुलाबी रंग आला, ॲसिटेटमध्ये पांढऱ्या कागदावर धरून पाहिलं तरच कळेल इतकी फिकट छटा.

ॲसिटेटचा आकडा गणितापेक्षाही थोडा खालीच आला आणि मिठाचं द्रावण सातच्या बरंच खाली होतं. यावर मुलांनी मीटरला दोष दिला. मीटर नीट जुळवलेला होता. उघड्या हवेत ठेवलेलं डिस्टिल्ड वॉटर कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्याचा पीएच ५.६ पर्यंत उतरू शकतो; मिठाच्या द्रावणात त्याला अडवणारं कोणीच नाही. पाणी उकळून, झाकून, निववून तेच द्रावण पुन्हा केलं, आकडा सातकडे सरकला. क्लोराइडला पाण्याकडून प्रोटॉन घेताच येत नाही, हे यातून नीट उतरलं. तीव्र आम्लाचा संयुग्मी आम्लारी पाण्यात आम्लारीसारखा वागतच नाही; वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यामुळे खरा आहे, किंबहुना जितका सांगतात त्याहून अधिक खरा.

एका मुलाचा प्रश्न: “एवढा दुबळा असेल तर ॲसिटेटला आम्लारी म्हणायचंच कशाला?” फार चांगला प्रश्न. उत्तरादाखल सोडियम ॲसिटेटच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं आणि नळी वास घ्यायला फिरवली. व्हिनेगरचा वास. पाण्यासमोर ॲसिटेट जवळजवळ गप्प, हायड्रोनियमसमोर तोच प्रोटॉन ओढून घेतो. त्या क्रियेचा समतोल स्थिरांक (क्रिया किती पुढे जाते ते सांगणारा आकडा) सत्तावन्न हजारांच्या घरात आहे. कोणासमोर, हा २० तारखेचा प्रश्न मी न विचारता मुलांनीच पुन्हा वर आणला.

फळ्यावर शेवटी लिहिलं ते वाक्य असं: आम्ल जितकं सौम्य तितका त्याचा संयुग्मी आम्लारी तुलनेनं जोरकस, खरोखर तीव्र आम्लारी हवा असेल तर आम्ल इतकं सौम्य हवं की पाण्यात त्याला कोणी आम्ल म्हणणारच नाही. हायड्रॉक्साइडचं संयुग्मी आम्ल पाणी. अमाइडचं संयुग्मी आम्ल अमोनिया. पुस्तिकेत हे पान सगळ्यात मोठं ठेवायचं.

९ डिसेंबर

बाजारातून आणलेल्या बांगड्यांवरून आजचा तास सुचला. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात आणि तोच तो माशाचा वास. गोड्या पाण्यातल्या माशांत हा पदार्थ फारसा नसतो, म्हणून त्यांचा वास वेगळा.

ट्रायमिथिलअमाइन म्हणजे अमोनियाचाच भाऊबंद. प्रोटॉन घेतला की त्याचं संयुग्मी आम्ल होतं, पीकेए ९.८. मोकळा रेणू सहज उडतो, नाकापर्यंत येतो. प्रोटॉन घेतलेला आयन प्रभारामुळे पाण्यात धरला जातो, उडू शकत नाही. आता हिशेब: पीएच ७ ला सहाशे-सव्वासहाशे कणांमागे एक मोकळा. पीएच ४ ला सव्वासहा लाखांमागे एक. लिंबू चोळलं, व्हिनेगर लावलं किंवा सोलं घातली की पीएच तीन अंकांनी उतरतो आणि मोकळा अमाइन हजार पटींनी कमी होतो. आपल्याकडे बांगड्याच्या हुमणात तेफळाबरोबर सोलं लागतातच, ती चवीसाठी खरी, पण हे कामही त्यात होतं. उलट मासे साफ करून हात नुसत्या साबणानं धुतले तर वास रेंगाळतो: साबणाच्या पाण्याचा पीएच ९ ते १० असतो, तिथे अमाइनचा बराच मोठा भाग मोकळा.

मुलांना मुख्य मुद्दा असा दाखवायचा होता की अमाइन नष्ट होत नाही, त्याचं रूप बदलतं. जोडीतला कोणता सभासद अधिक, हे भोवतालचा पीएच ठरवतो. पीएच आणि पीकेए सारखे झाले की दोघे समसमान. पीएच एकानं हलला की प्रमाण दहा पटींनी हलतं. हे सूत्र पुढच्या प्रकरणात नाव घेऊन येईल, पण माशाच्या निमित्तानं तोंडी हिशेब सगळ्यांना जमला. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांच्यासाठी नवसागराचं उदाहरण याच हिशेबानं पुस्तिकेत घालते.

११ डिसेंबर

तक्ता भिंतीवर चढला. डाव्या रांगेत आम्लं, उजव्या रांगेत त्यांचे संयुग्मी आम्लारी. वरून खाली पीकेए वाढत जातो. बायसल्फेट १.९९, फॉस्फोरिक २.१५, हायड्रोफ्लुओरिक ३.१७, ॲसिटिक ४.७६, कार्बोनिक ६.३५, डायहायड्रोजन फॉस्फेट ७.२०, हायड्रोसायनिक ९.२१, अमोनियम ९.२५, बायकार्बोनेट १०.३३, हायड्रोजन फॉस्फेट १२.३५. सगळ्यात वर आकडे न लिहिता परक्लोरिक आणि हायड्रोक्लोरिक, कारण पाण्यात ती दोन्ही पूर्ण प्रोटॉन देऊन टाकतात आणि कोण अधिक तीव्र हे पाणी कळू देत नाही.

वाचण्याची रीत: डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा भेटले की क्रिया पुढे जाते. अंतर जितकं मोठं तितकी पक्की. पीकेएंची वजाबाकी केली की समतोल स्थिरांकातला दहाचा घात मिळतो.

यावर व्हिनेगर. आपलं गोव्याचं व्हिनेगर माडाच्या सुरेचं. सूर आंबते, तिच्यातल्या मद्यार्काचं जिवाणू ॲसिटिक आम्ल करतात. धुण्याच्या सोड्याशी अंतर ५.५७, म्हणजे स्थिरांक पावणेचार लाखांच्या जवळ. खाण्याच्या सोड्याशी अंतर फक्त १.५९, स्थिरांक चाळिशीच्या आत. यावरून कोणात जास्त फसफसेल, असं विचारलं. सगळ्यांनी धुण्याचा सोडा सांगितला.

दोन बीकरांत दोन द्रावणं, व्हिनेगर थेंबाथेंबानं, सतत ढवळत. खाण्याच्या सोड्यात लगेच बुडबुडे. धुण्याच्या सोड्यात बराच वेळ जवळजवळ काही नाही, आणि मग अचानक फसफस. वर्ग थबकला. कारण त्यांनी कार्डांवर शोधलं, मी बोलले नाही. कार्बोनेट आधी एक प्रोटॉन घेऊन बायकार्बोनेट होतो. त्या पायरीवर वायू नाहीच. सगळा कार्बोनेट संपत आला की मगच बायकार्बोनेटला दुसरा प्रोटॉन मिळतो, कार्बोनिक आम्ल होतं आणि ते फुटून कार्बन डायऑक्साइड सुटतो. दोन बटणं, एकामागून एक. आणि स्थिरांक चाळीसच असूनही खाण्याचा सोडा संपेपर्यंत क्रिया चालते, कारण वायू निघून जातो आणि समतोलाला मागे फिरायला काही उरत नाही. ‘स्थिरांक मोठा म्हणजे फसफस मोठी’ हा समज इथे आपोआप गळाला.

तिसऱ्यांची धुतलेली शिंपलंही व्हिनेगरमध्ये टाकली. सावकाश बुडबुडे, दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग खरखरीत. पाण्यात न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट आम्लात का विरघळतो, याचं उत्तरही जोडीतच आहे: कार्बोनेट प्रोटॉन घेऊन दुसरंच काही होतो.

१७ डिसेंबर

बायकार्बोनेटसाठी स्वतंत्र तास ठेवला, कारण तक्त्यावर तो दोन्ही रांगांत आहे. कार्बोनिक आम्लाचा संयुग्मी आम्लारी, आणि कार्बोनेटचं संयुग्मी आम्ल. “एकच कण दोन्हीकडे कसा?” हा प्रश्न आला. बायसल्फेट, डायहायड्रोजन फॉस्फेट, पाणी, सगळ्यांचं तेच. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा पीएच ८.३ हा ६.३५ आणि १०.३३ यांचा मध्य आहे, हे मुलांनी स्वतः काढलं.

प्रयोग जुनाच: चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकायचं, ओढायचं मात्र नाही. आधी दुधाळ होते, कॅल्शियम कार्बोनेट. एवढ्यावर शाळेत थांबतात. आम्ही फुंकत राहिलो. दुधाळपणा हळूहळू विरला आणि पाणी पुन्हा नितळ. नव्या कार्बन डायऑक्साइडनं झालेलं कार्बोनिक आम्ल कार्बोनेटला प्रोटॉन देतं, दोघांचाही बायकार्बोनेट होतो, आणि कॅल्शियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळतो. देणारा आणि घेणारा, दोघांचं रूपांतर एकाच कणात.

समुद्राचं आजचं दुखणं या एका नळीत आहे, म्हणून तिथे थांबून बोललो. समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.१, त्यात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनपैकी ९० टक्क्यांच्या आसपास बायकार्बोनेटच्या रूपात. हवेतला वाढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि कार्बोनेट खर्ची पडून बायकार्बोनेट वाढतो. शिंपल्यांना, प्रवाळांना कवच बांधायला लागतो तो नेमका कार्बोनेट. दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मुलं तिच्यावरून येताजाता जातात. तिथे समुद्राच्या रसायनाचा अभ्यास होतो आणि त्याचा पाया हीच तीन कार्डं आहेत, हे त्यांना सांगताना मला खूप आनंद झाला.

१९ डिसेंबर

गोवा मुक्तिदिन. ध्वजवंदनानंतर घरी पुस्तिकेचा मजकूर पूर्ण केला. सोडवून दाखवलेली उदाहरणं कमी, रिकाम्या चौकटी जास्त. प्रत्येक क्रियेखाली दोन ओळी कोऱ्या: कोणी दिलं, कोणी घेतलं.

३ जानेवारी २०२५

नाताळची सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला नोव्हेंबरातला कागद पुन्हा दिला, जोड्या बदलून. क्रिया करणाऱ्या दोघांना संयुग्मी म्हणण्याची चूक जवळजवळ गेली आहे. दोन प्रोटॉनांच्या अंतराची चूक कमी झाली, पण सल्फ्युरिक आणि सल्फेट अजून काहींना फसवतात. वर्गात सतत सल्फ्युरिक आम्लाचं पूर्ण उदासिनीकरण लिहिल्यामुळे मधला बायसल्फेट डोळ्यांआड राहतो, असं मला वाटतं. पुढच्या वेळी अर्ध्या उदासिनीकरणाचं समीकरण आधी द्यायचं.

नवा प्रश्नही घातला होता: अमोनियमचा संयुग्मी आम्लारी कोणता, आणि अमोनियाचा संयुग्मी आम्लारी कोणता? पहिलं उत्तर सगळ्यांचं आलं. दुसऱ्यात बऱ्याच जणांनी ‘अमोनिया आम्लारीच आहे, त्याचा संयुग्मी आम्लारी नसतो’ असं लिहिलं. ज्यांनी अमाइड लिहिलं त्यांच्याकडून बाकीच्यांना समजावून घेतलं. कार्डात अजून तीन बटणं आहेत हे एका मुलीनं दाखवल्यावर वाद मिटला. पाण्यात ते बटण निघत नाही, पण द्रव अमोनियात निघतं. तिथे अमोनियम आणि अमाइड हे दोघे पाण्यातल्या हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड यांच्या जागी काम करतात.

शेजारच्या गावातल्या उच्च माध्यमिकच्या शिक्षिकेनं संच मागितला आहे. सोमवारी द्यायचं सामान: कार्डं आणि बटणं, तक्त्याची दुसरी प्रत, हळदीचे वाळवलेले कागद काळ्या पिशवीत, नवसागर, आणि चुना तिथलाच ताजा घ्यावा अशी चिठ्ठी, कारण उघडा राहिलेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं कार्बोनेट होऊन बसतो आणि मग अमोनियाचा वास नीट येत नाही. आमच्या वर्गात पुढच्या आठवड्यापासून बफर: समान भाग ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट, पीएच ४.७६ च्या जवळ, आणि त्यात थेंबाथेंबानं आम्ल घालत मीटर पाहायचा.